एकच कॅप्शन सगळीकडे चालते?

कॅप्शन एकदा लिहावे आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, एक्स अशा सर्व ठिकाणी तेच चिकटवावे, हा समज बरीच वर्षे रूढ असला तरी तो चुकीचा आहे. इन्स्टाग्रामवर २,२०० चिन्हांची मुभा असली तरी सुरुवातीला एक-दोन ओळीच दिसतात आणि सर्वसाधारण खात्यावर कॅप्शनमधील लिंक उघडत नाही. त्यामुळे ‘खालील लिंकवर नोंदणी करा’ हे फेसबुकवर उपयोगी पडणारे वाक्य तेथे वाया जाते. एक्सवर मोफत खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे, आणि तेथे काना, वेलांटी, इतकेच काय, जोडाक्षरात दडलेला हलन्तसुद्धा स्वतंत्र मोजला जात असल्याने आपल्या लेखी एकाक्षरी असलेला ‘स्त्री’ हा शब्द सहा चिन्हे खातो. (लिंक मात्र कितीही लांब असली तरी २३च.)