ऑपरेशन टेबलाच्या रिमोटमागचा इतिहास

1885 साली विली मायर यांनी आपले गुरू, जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग, यांची पद्धत छापून मांडली. रुग्णाचे डोके खाली आणि कंबर वर, असा साधारण 45 अंशांचा उतार दिला की आतडी छातीच्या पडद्याकडे सरकतात आणि ओटीपोटातले अवयव मोकळे दिसतात. हा उतार तेव्हा टेबलातून मिळत नसे. रुग्णाचे पाय खांद्यांवर घेऊन एक मदतनीस शस्त्रक्रिया संपेपर्यंत उभा राहायचा. आज रिमोटवरचे 'ट्रेंडेलेनबर्ग' बटण त्याचे काम करते, फक्त बहुतेक टेबले 25 ते 30 अंशांवर थांबतात.

पुढे धुता येणारी धातूची टेबले आली, फिरवायचे हँडल आले, उंचीसाठी पायाने मारायचा तेलाचा पंप आला. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत एकदा दिलेली स्थिती बराच वेळ तशीच राहायची, त्यामुळे एवढ्यावर भागत असे.

1987 मध्ये फिलिप मूरे यांनी फ्रान्समध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतडी हाताने बाजूला धरता येत नाहीत, ती उतारानेच सरकवावी लागतात. पित्ताशयासाठी डोके वर आणि टेबल डावीकडे कललेले, अपेंडिक्ससाठी डोके खाली आणि कल पुन्हा डावीकडेच. स्थिती मध्येच बदलायची, तर हँडल निर्जंतुक चादरीखाली. रिमोटची खरी गरज इथे जाणवली, आणि तो बहुधा भूलतज्ज्ञाच्या बाजूला गेला. ते योग्यच झाले: डोके खाली गेले की फुप्फुसे वर सरकतात आणि श्वासनलिकेतली नळी एकाच फुप्फुसात शिरू शकते. उतार दिल्यावर दोन्ही बाजूंचा श्वास पुन्हा ऐकावाच लागतो.

इलेक्ट्रोहायड्रॉलिक, म्हणजे विजेच्या पंपाने तेलाच्या दाबावर हलणाऱ्या, टेबलात बटण दाबले की पंपाची मोटर सुरू होते आणि त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो. तेलात हवा शिरली तर हालचाल झटक्याने होते. व्हॉल्व्ह किंवा सील गळू लागले तर टेबल हळूहळू खचते. तेलाशिवाय थेट मोटरवर चालणाऱ्या टेबलांत हा त्रास नाही, पण बॅटरी सांभाळावी लागते. दोन्ही प्रकारांत एक नियम पक्का: बोट उचलले की हालचाल थांबते. ऑपरेशन टेबलांसाठी आयईसी (विद्युत उपकरणांची मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 60601-2-46 हे स्वतंत्र मानक 1998 साली आले.

सगळ्यात घातक चूक दिशेची. सी-आर्मला (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राला) जागा मिळावी म्हणून रुग्णाचे डोके कधी टेबलाच्या पायाकडच्या टोकाला ठेवतात. रिमोटला हे आपोआप कळत नाही. बहुतेक टेबलांवर 'नॉर्मल' किंवा 'रिव्हर्स' आपण निवडायचे असते. ते राहिले तर 'डोके खाली' दाबल्यावर डोके वर जाते. म्हणून चादरी घालण्याआधी फ्लोअर लॉक (टेबल जमिनीवर पक्के धरणारा), दिशा आणि चार्ज तपासावा, लागणारी प्रत्येक हालचाल करून पाहावी. नंतर प्रत्येक वेळी बटण क्षणभर दाबायचे, दिशा बघायची, मगच पुढे न्यायचे.

टेबल पुन्हा सपाट करणारे 'लेव्हल' बटण सोयीचे खरे, पण त्याने अनेक सांधे एकदम हलतात. टेबल खूप खाली आणि पायाचा भाग लोंबता असेल, तर तो बेसवर आपटतो. काही टेबलांचे सेन्सर स्वतःचा बेस ओळखतात. शेजारची ट्रॉली किंवा कुणाची बोटे ओळखत नाहीत. रिमोटची वायर टेबलाच्या सांध्यात चिरडणे हा तर नेहमीचा बिघाड. अशा वेळी टेबलाच्या खांबावरचे पॅनेल किंवा पायपंप कामी येतो, आणि तो कुठे आहे हे ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाला माहीत हवे.

2000 साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) शस्त्रक्रियेच्या दा विंची रोबोटला मान्यता दिली, आणि रिमोट पुन्हा बाजूला ठेवावा लागला. रोबोटचे हात पोटाच्या भिंतीतून आत अडकलेले असताना टेबल हलवले तर भिंत फाटू शकते. म्हणून हत्यारे काढायची, हात सोडवायचे, टेबल हलवायचे आणि पुन्हा सगळे जोडायचे. अलीकडे रोबोटशी जोडलेली टेबले आली आहेत, त्यांत टेबलासोबत हातही सरकतात. साध्या टेबलावर मात्र तोच जुना क्रम पाळावा लागतो.