ट्रम्पेट वाजवल्याने मुलांची फुप्फुसं खराब होतात?

‘लहानपणी ट्रम्पेट फुंकलं की फुप्फुसं कमजोर होतात’ हा निरोप इंदूरच्या मराठी घरांत शाळेच्या बँडचा विषय निघाला की फिरतोच. फुगलेले गाल पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण निरोगी मुलाला त्याने इजा होत नाही. आवाज जोरावर निघतच नाही. ट्रम्पेटमध्ये नुसती हवा सोडा, फक्त फुस्स होईल. मिटलेले ओठ थरथरले की सूर लागतो. क्लॅरिनेटमध्ये हेच काम वेताची पातळ पट्टी करते. सुरुवातीला गरगरतं ते भराभर श्वास घेतल्याने. थांबलं की जातं.

घरी करून बघा: कागदाचा कपटा भिंतीला लावून हात काढा, फुंकरीने टेकवून ठेवा. जोर लावणाऱ्याचा श्वास लवकर संपतो. दमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि पुढचे दुधाचे दात पडत असतील, तर तूर्त ड्रम बरा!