पिनकोडातून ६१७४ कडे

फर्ग्युसन कॉलेजचा पिनकोड ४११००४. त्यातले शेवटचे चार अंक घ्या: १, ०, ०, ४. उतरत्या क्रमाने मांडले तर ४१००, चढत्या क्रमाने ००१४. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की ४०८६ येतात. आता ४०८६ चे अंक घेऊन पुन्हा तेच: ८६४० वजा ०४६८, म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आठवी करून बघा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च!

कोथरूडच्या ४११०३८ मधले १०३८ घेतले तर सहा वजाबाक्या लागतात. सदाशिव पेठेचे १०३० मात्र तिसऱ्यातच मुक्कामाला पोहोचतात. उगाच लांबण लावणं पेठेच्या स्वभावात नाहीच. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते. एकच पथ्य: सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही. ४११०११ च्या १०११ पासून पहिलं उत्तर ९९९ येतं. ते ०९९९ असं लिहिलं तरच पुढचा रस्ता सापडतो, नाहीतर हाती शून्य.

हे शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली आणि फावल्या वेळात अंकांशी खेळत राहिले. ६१७४ चा शोध १९४९ चा. जगभर गाजावाजा झाला तो १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिल्यावर.

यात चमत्कार कमी आणि हिशेब जास्त आहे. चार अंकांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक क्रमाने मांडल्यावर मधे येणाऱ्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. वजाबाकीचं उत्तर नेहमी एवढंच असतं. १००४ साठी ३९९६ अधिक ९०, झाले ४०८६. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असेल, पण दुसरा त्याहून मोठा असूच शकत नाही. मोजले तर अशा जोड्या भरतात फक्त ५४. म्हणजे ०००१ पासूनच्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत कोंबल्या जातात. इतक्या थोड्या संख्यांत फिरत राहिलं की कुठेतरी अडकायला होणारच. नवल एवढंच, की अडकायची जागा एकच निघाली. त्यामागे फार खोल तत्त्व आहे असं मला वाटत नाही; दहाच्या पद्धतीत चार अंकांना लागलेला हा मटका आहे.

कारण तीन अंकांना ४९५ मिळतो, पण पाच अंकांना थांबाच नाही, तिथे तीन वेगवेगळी चक्रं आहेत. सहा अंकांचं तर त्रांगडंच. ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन थांबे, शिवाय सात संख्यांचं एक चक्र. ४११००४ हा अख्खा पिनकोड या गिरणीत घातला, तर आठव्या वजाबाकीला ४२०८७६ येतात आणि तिथून तो त्या चक्रात गरगरत राहतो.

६१७४ च्या अंगात आणखीही कळा आहेत. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने निःशेष भाग जाऊन येतात ३४३, म्हणजे सातचा घन. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिलं. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज करून बघा.