फुसफुस एकच, गळत्या दोन

रिमोटवर उडणारं मॉडेल विमान स्टँडवर, हवेच्या दाबाने वर-खाली होणारी चाकं खाली, टाकीत 100 पीएसआय दाबाची हवा. कान जवळ नेला की ही हवा चाकांकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडातून बारीक फुसफुस ऐकू येते आणि आपण लगेच व्हॉल्व्ह खोलायला घेतो. ही घाई मला पटत नाही. चाकं हलवणाऱ्या सिलिंडरातल्या पिस्टनची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गळत असली तरी हवा निघते ती याच तोंडातून.

चाकं खाली असताना व्हॉल्व्ह एका नळीला टाकीची हवा देतो आणि चाकं वर घेणारी नळी बाहेर मोकळी सोडतो. पिस्टनची रिंग झिजली असेल तर हवा पिस्टनच्या कडेने पलीकडे जाते, त्या मोकळ्या नळीत शिरते आणि परत व्हॉल्व्हपाशी येऊन बाहेर पडते. व्हॉल्व्हची रिंग गेली असेल तर हवा सिलिंडरापर्यंत न जाता मधेच निसटते. कानाला दोन्ही सारखंच. सिलिंडराला साबणाचं पाणी लावूनही पिस्टनची गळती दिसत नाही, कारण ती आतल्या आत असते.

म्हणून वर घेणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. एकामागून एक बुडबुडे येत राहिले तर पिस्टन. पाणी शांत, पण व्हॉल्व्हकडे फुसफुस चालूच, तर व्हॉल्व्ह. या वेळात सर्व्हो (व्हॉल्व्हची दांडी हलवणारी छोटी मोटर) मात्र हलवू नका, टाकी व्हॉल्व्हवरच्या त्या उघड्या निपलमधून, म्हणजे नळी काढलेल्या टोकातून, रिकामी होईल. दोष पिस्टनचा निघाला तर टी-जोडावर (नळीला फाटे फुटतात तिथे) चाकाच्या एकेका पायाची नळी सोडवून हेच करा. तिन्ही सिलिंडर उघडण्याची गरज नाही.

पिस्टनच्या कोरड्या रिंगला कधीकधी सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. चिरलेली रिंग बदलावीच लागते. व्हॉल्व्ह खोलण्याआधी सर्व्होची चाल बघा. दांडी टोकापर्यंत पोचली नाही तर चांगल्या रिंगाही हवा सोडतात. ही चूक मला फार वेळा दिसली आहे, आणि दुरुस्ती रिमोटवरच होते.

फुसफुस नाही, बुडबुडे नाहीत, तरी सकाळी दाबाचा मीटर थोडा उतरलेला दिसला तर आधी थंडी आठवा. 30 अंशांवर भरलेले 100 पीएसआय 10 अंशांवर साधारण 92 होतात, एक कणही न गळता.