फोड की चिखल्या? पावसाळ्यात चालणाऱ्यांच्या पायाची दोन दुखणी

जून उजाडला की पुण्यात तळजाईच्या किंवा हनुमान टेकडीच्या वाटेवर हमखास ऐकू येतं, ‘बूट लागलेत, फोड आलेत पायाला.’ कधी ते खरंच फोड असतात. कधी मात्र बूट-मोजे काढून पाहिलं की कळतं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. दोन्हींचं मूळ ओल्या पायात, दोन्हींत कातडी पांढरी पडते, सोलते आणि आग होते, म्हणून गल्लत होते. पण फोड ही घर्षणाची जखम आहे आणि चिखल्या हा बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग. फोड झाकून ठेवायचा असतो, चिखल्या उघड्या आणि कोरड्या ठेवायच्या असतात. बेचक्यात चिकटपट्टी लावून वर मोजा चढवला, तर बुरशीला हवी तशी दमट जागा आपणच करून देतो.

ओळखायचं कसं? आधी जागा बघा. फोड येतो तो बूट दाबतो तिथे: टाचेच्या मागे, चवड्याखाली, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला. तो एकाच फेरीत येतो, आधी तिथे चटका बसल्यासारखं वाटतं, मग पाणी भरतं. तो दुखतो. चिखल्या बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये सुरू होतात, हळूहळू वाढतात, त्यांना वास येतो आणि मुख्य म्हणजे खाज सुटते. खरा घोटाळा होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. बुरशीचा एक प्रकार तळपायाच्या कमानीवर बारीक पाणीदार पुटकुळ्या उठवतो. कमानीवर बूट सहसा घासत नाही, त्यामुळे तिथे खाजणाऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर बुटाला दोष देऊ नका. आठवडाभर चालणं थांबवलं की फोड भरून येतो. बुरशी घरी बसल्यानेही जात नाही.

फोड नेमका कसा येतो, हे हातावर करून बघता येतं. एक बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवा आणि जागचं न हलवता पुढेमागे करा. वरची कातडी बोटाला चिकटून राहते, आतलं हाड मात्र स्थिर असतं, आणि मधले थर ताणले जातात. चालताना हेच पावलागणिक होतं. शेवटी कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी साठतं. पाय ओलसर असला की मोजा कातडीला जास्त धरतो, म्हणून घाम आणि पाऊस दोन्ही वाईट.

म्हणूनच चालायला जाड सुती मोजे मला पटत नाहीत. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे मोजे बरे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पेट्रोलियम जेली पहिला तासभर घर्षण कमी करते, पण पुढे ती मुरते आणि घर्षण पुन्हा वाढतं, तेव्हा लांब चालीत ती परत लावावी लागते. घाम रोखणाऱ्या औषधाचाही प्रयोग झालाय. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यार्थ्यांपैकी काहींनी आधीच्या काही रात्री पायाला ॲल्युमिनियम क्लोराइड लावलं आणि मग सगळे २१ किलोमीटर चालले. औषध लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण औषध लावलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या कातडीला त्रासही झाला, म्हणून रोजच्या फिरण्यासाठी मी ते सुचवणार नाही. साधी कागदी चिकटपट्टी, नेहमी लागतं त्या जागी निघण्यापूर्वीच लावलेली, पुष्कळ काम करते.

फोड आलाच तर? लहान असेल तर हात लावू नका. मोठा असेल, पाऊल टेकवत नसेल, तर हात आणि जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला एक-दोन छिद्रं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या. ती कातडी हे सर्वांत चांगलं ड्रेसिंग. वर स्वच्छ पट्टी. काहीजण सुईदोरा आरपार ओवून दोरा आत ठेवतात. त्याच दोऱ्यावरून जंतू आत उतरतात. १९२४ साली अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा मोज्यांशिवाय टेनिस खेळला, पायाला फोड आला, तो चिघळून रक्तात जंतू गेले आणि मुलगा दगावला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, पण फोड उघडा पडला की जंतूंना वाट मिळते हे आजही तितकंच खरं.

चिखल्यांचं तंत्र वेगळं. पाय धुतल्यावर बोटाबोटांत पंचा फिरवून कोरडं करा, घरी उघड्या पायांनी बसा, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबा. शेतात लावणीला जाणाऱ्या बायका चिखल्यांवर मेंदी लावतात, त्याने बरं वाटतं. मात्र संसर्ग पसरलेला असेल तर बुरशीवरचं औषध हवंच. क्लोट्रिमॅझोल साधारण चार आठवडे लावावं लागतं, खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं की दुखणं परततं. दुकानातून ‘खाजेचं मलम’ म्हणून मागून आणलेल्या ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव (बहुधा ‘सोन’ने संपणारं) दिसलं तर ती लावू नका. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. जांघेत पसरू नये म्हणून कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर फोडाला सुई लावायची नाही आणि चिखल्यांवर घरगुती प्रयोगही नाहीत. दोन्ही डॉक्टरांना दाखवायचे. आणि मधुमेह असो-नसो, फोडातून पू आला, किंवा चिखल्यांच्या चिरेपासून लाली आणि सूज पावलावर चढू लागली, ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.