लाईन : अर्थ आणि प्रतिशब्द

लाईन हा मूळचा इंग्रजी शब्द, पण सातारा-सांगली भागात तो आता इतका मुरलाय की शाळेची पायरी न चढलेली म्हातारी पण दिवसातनं चार वेळा सहज बोलून जाते. शब्दकोशात बघायला गेलं तर रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी, तार, मार्ग, वंश, धंदा, नाटकातलं वाक्य एवढे सगळे अर्थ मिळतात, आणि ह्यातला एक काढून दुसऱ्याच्या जागी ठेवला की वाक्य बिघडतं.

मूळ बघायचं तर लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे जवस, आपली अळशी, आणि तिच्या देठाच्या धाग्याला लिनेआ. लिनन कापड पण त्याच घराण्यातलं. आधी धागा, मग ताणलेली दोरी, मग त्या दोरीनं आखलेली रेघ असा अर्थ सरकत गेला. हे सगळं सरकणं बांधकामावर अजून डोळ्यांनी बघायला मिळतं. नवीन घराचं लाईनआउट असतं तेव्हा गवंडी आधी कोपऱ्यांना खुंट्या ठोकतो, खिळ्याला लाईनदोरी बांधून ताणतो, गुण्या लावून काटकोन बघतो, दोन्ही कर्ण टेपनं मोजतो आणि ते सारखे आले की मग दोरीखालनं मुठीनं फक्की, म्हणजे पांढरी पूड, सोडत जातो, ती पांढरी रेघ म्हणजे पाया खणायची लाईन. दोरी पण लाईन आणि तिनं पाडलेली रेघ पण लाईनच, कुणाचा घोटाळा होत नाही.

गावाकडं मात्र नुसतं "लाईन" म्हटलं की पहिला अर्थ वीज. "लाईन आली का?" "न्हाई, फ्यूज गेलाय." इथं लाईन म्हणजे तार नाही, तारेतनं येणारा करंट. त्यातपण घरात येते ती लाईट आणि मोटरीला लागते ती लाईन, म्हणजे थ्री फेज, असा बारीक फरक लोक पाळतात. शेतीची लाईन कधी दिवसा असते कधी रात्री, म्हणून माणूस बॅटरी घेऊन अपरात्री उसाला पाणी पाजायला जातो आणि त्या आठवड्यात घरातलं सगळं वेळापत्रक लाईनीवर चालतं. कोयनेची वीज १९६० मेगावॅटची, धरण सातारा जिल्ह्यातच, तरी जिल्ह्यातला शेतकरी लाईनीची वाट बघत बसतो हा विनोद जुनाच आहे. ह्या अर्थाला मराठी प्रतिशब्द वीजपुरवठा, पण तो फक्त बिलावर आणि पेपरात.

दुसरी लाईन पाण्याची. नदीवरनं माळावर नेलेली पाईपलाइन, तिलापण नुसतं लाईनच म्हणतात. "लाईन फुटली" म्हटल्यावर वीज का पाणी ते पुढच्या वाक्यात कळतं. तासगाव भागातल्या द्राक्षबागेत ड्रिपची मेन लाईन, सबमेन आणि झाडाजवळनं जाणारी लॅटरल असतात, आणि माती-क्षार धरून ड्रीपर बंद पडले की लॅटरलची टोकं उघडून लाईन फ्लश करायची हे काम ठरलेलं.

सांगली शहरात २०१९ च्या महापुरानंतर ब्ल्यू लाईन आणि रेड लाईन हे शब्द घरोघरी झाले. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, त्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली होती. आता प्लॉट घेताना पहिला प्रश्न हाच, कुठल्या लाईनीत येतोय. सरकारी कागदावर पूररेषा हा चांगला शब्द आहे, बोलताना मात्र कुणी वापरत नाही.

आता रांगेचा अर्थ. इथं मराठी एवढी श्रीमंत आहे की इंग्रजीनं लाजावं. रेशनला रांग, देवळात भाविकांची रीघ, जेवायला पंगत, वहीत ओळ, कुरीनं पाडलेली काकरी, नांगराचं तास, उसाची सरी. भांगलायला, म्हणजे तण काढायला, बायका बसतात तेव्हा प्रत्येकीनं धरलेल्या पट्ट्याला पात म्हणतात, आणि "तुझी पात मागं राहिली" ह्या वाक्यात पातीच्या जागी लाईन घालून बघा, सगळी चव जाते. रेघ आणि रेषा पण वेगळ्या, पाटीवर रेघ असते आणि तळहातावर रेषा. कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची मात्र लाईनच लागते, तिथं रांग म्हटलं तर शिस्तीत उभे असल्यासारखं वाटतं.

रेल्वेची लाईन म्हणजे मार्ग, लोहमार्ग पुस्तकातला. मिरज जंक्शनवरनं पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि कुर्डुवाडी अशा चार दिशांना लाईनी फुटतात, त्यातली कुर्डुवाडीची पूर्वी नॅरो गेज होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे मिरजेतनं ह्याच बाजूनं गेली, पहिल्या खेपेला १० टँकर, ५ लाख लिटर. लाईन क्लिअर हा शब्दपण रेल्वेचाच, पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ मोकळा आहे ही स्टेशनमास्तरची परवानगी, आणि तोच आता घरात आबा झोपलेत का एवढं विचारायला वापरतात.

बाकीचे अर्थ थोडक्यात. "ह्या लाईनीत पैसा न्हाई" मध्ये धंदा. पोलीस लाईन म्हणजे चाळवजा वसाहत. लाईनवर आणणे म्हणजे वळण लावणे, हा मराठी शब्द जास्त नेमका आहे. लाईन मारणे ह्याला प्रतिशब्द शोधू नये. क्रिकेटमध्ये लाईन म्हणजे बॉलची दिशा, आणि सांगली विजय हजाऱ्यांचं जन्मगाव असल्यानं लाईन-लेंथवर मत प्रत्येकाला असतं. नाटकातल्या लाइन्सना मात्र विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत वाक्यंच म्हणतात, "वाक्य पडलं", "वाक्य घे", १८४३ पासून नाटकाची परंपरा असलेल्या गावात बाहेरचा शब्द तिथं शिरला नाही. डेडलाइन हा तुरुंगातला शब्द, अमेरिकेतल्या यादवी युद्धात कैद्यांनी ओलांडली तर गोळी घालायची ती रेषा, आता शेवटची तारीख.

व्याकरणात लाईन स्त्रीलिंगी, बहुतेक रेघ, ओळ, रांग ह्या सगळ्या स्त्रीलिंगी म्हणून. अनेकवचन लाईनी किंवा लायनी, सामान्यरूप लाईनीला, लाईनीवर, आणि खेड्यात उच्चार सरळ लैन.