मोटारीच्या रंगावरील किरकोळ दोष : ओळख व निवारण

पत्र्याला पोचा न पडता, गंज न चढता केवळ रंगाच्या थरांपुरते राहिलेले ओरखडे, डाग, चिकटलेले कण आणि चमक गेलेले पट्टे यांना किरकोळ दोष म्हणतात. यांपैकी बहुतेक दोष पुन्हा रंगकाम न करता घालवता येतात. त्यासाठी आधी एक गोष्ट ठरवावी लागते : दोष रंगावर नुसता बसला आहे, रंगात शिरला आहे, की तिथला रंगच उडाला आहे? बसलेला दोष धुऊन-विरघळवून निघतो, शिरलेला घासावा लागतो आणि उडालेल्या जागी रंग भरावा लागतो. हे न ठरवता थेट पॉलिश हाती घेतल्यानेच या कामात सर्वाधिक नुकसान होते.

रंगाचे थर : कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्राइमर म्हणजे रंगाखालचे अस्तर, त्यावर रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चमक दिसते ती याच थराची, आणि उन्हातील अतिनील किरण शोषून खालचा रंग टिकवणारी द्रव्येही याच थरात असतात. पॉलिश करताना ओरखडा ‘भरला’ जात नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत झिजवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. झिजलेला थर पुन्हा येत नाही. तेव्हा पॉलिश किती वेळा आणि किती खोल करायचे, हा प्रश्न हौसेचा नसून शिल्लक थराच्या हिशेबाचा आहे.

क्लिअर कोटची पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रुळली. त्यापूर्वीचे रंग वर क्लिअर कोट नसलेले, एकाच थराचे असत. १९२० च्या दशकात आलेले ड्यूपॉन्ट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. जुनी गाडी हाती आली, तर एखाद्या आडबाजूच्या जागी पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासून पाहावे. कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही. असा रंग जुना झाला की पांढुरका पडतो, पण हलक्या पॉलिशने तो आश्चर्य वाटावे इतका उजळतो.

दोष ओळखणे : गाडी धुऊन कोरडी केल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात. थेट ऊन किंवा एकाच बिंदूतून येणारा प्रखर एलईडी दिवा ते उघडे पाडतो. गडद रंगावर ते ठळक दिसतात. पांढऱ्या-चंदेरी गाड्यांवरही ते असतातच, फक्त डोळा चुकवतात.

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे स्वर्ल मार्क, म्हणजे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी वर्तुळाकार रेषांची जाळी. ही वर्तुळे भासमान असतात. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात; त्यांतले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे उजळतात, म्हणून वर्तुळ दिसते. दिवा सरकवला की वर्तुळही सरकते. त्यामुळे ‘गोल हात फिरवल्यामुळे असे झाले’ ही समजूत अपुरी आहे. खरे कारण धूळ : कोरड्या गाडीवरून फिरवलेला फडका, वाळूचे कण अडकलेला स्पंज, स्वयंचलित धुलाईयंत्राचे ब्रश. यापेक्षा वेगळे ते होलोग्राम. एका अक्षावर फिरणाऱ्या यंत्राने घाईत पॉलिश केले की रंगावर लाटांसारखे रुंद पट्टे उमटतात आणि दिव्याबरोबर हलतात.

रंगावर बसलेले कण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवली, तर ब्रेकमधून उडालेले लोहकण किंवा शेजारच्या रंगकामाचे तुषार खरखरीत लागतात. ओरखड्याची खोली अजमावण्यासाठी त्यावर पाणी शिंपडावे : तो ओला असताना दिसेनासा झाला, तर बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. आडवे नख फिरवल्यावर अडकले, तर तो पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. कडा बोथट करून तो कमी जाणवेल इतपत सुधारणा पुरेशी मानावी. ओरखड्यात करडा किंवा पांढरट प्राइमर दिसला, की पॉलिशचा विषय संपतो. दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग घासून लागलेला असतो तोही पहिल्या नजरेला खोल ओरखडाच वाटतो, पण पुष्कळदा तो रंगावर चढलेला थर असतो आणि निघून जातो.

थराची जाडी मोजायचे उपकरण पोलादावर चुंबकीय प्रवर्तनाने आणि ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाने चालते. प्लास्टिकच्या बंपरवर ही साधी उपकरणे चालत नाहीत. ते सर्व थरांची बेरीज सांगते, एकट्या क्लिअर कोटची जाडी नाही. एखाद्या भागावर आकडा आजूबाजूपेक्षा फारच मोठा आला, तर तिथे लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंग मारलेला असण्याची शक्यता असते.

बसलेले दोष काढणे : डांबराचे ठिपके पेट्रोलियम द्रावकाने सुटतात, झाडाचा ताजा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने. लोहकणांसाठी थायोग्लायकोलेट क्षार असलेला फवारा वापरतात. लोहाशी संयोग होताच तो जांभळा होतो आणि कण कुठे आहेत हेही दाखवतो. उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार : भरपूर ओलावा ठेवून, दाब न देता सरळ रेषेत फिरवायची मऊ लगदी. ती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी, कारण चिकटलेले खडे रंगावर चरे पाडतात. क्ले बारनेही हलके ओरखडे उठू शकतात. त्यामुळे त्यानंतर पॉलिश करायचे नसेल, तर गरज असेल तिथेच तो वापरलेला बरा.

पक्ष्यांची विष्ठा आणि पाण्याचे डाग यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण हे दोष सुरुवातीला रंगावर असतात आणि दुर्लक्ष झाले की रंगात शिरतात. उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन किंचित प्रसरण पावतो, तर विष्ठा वाळून कडक होते. गाडी थंड होताना आकुंचन पावणारा थर तिच्या खडबडीत आकाराला धरून बसतो. विष्ठेतील आम्लामुळे होणारी झीज वेगळीच. ओले कापड काही मिनिटे डागावर ठेवून, विष्ठा मऊ झाल्यावर ती उचलून घ्यावी. पुसू नये, तिच्यात वाळूचे कण असतात. पाणी वाळून मागे राहिलेले क्षार पातळ केलेल्या व्हिनेगरने विरघळतात. नंतर ती जागा धुवावी. क्षार गेल्यावरही कडा दिसत राहिली, तर क्लिअर कोट कोरला गेला आहे आणि ते पॉलिशचे काम आहे.

पॉलिश : नियम एकच पाळला तरी निम्मे काम साधते : सर्वांत सौम्य उपायाने सुरुवात करावी. हातभर जागेवर मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश वापरून पाहावे; पुरले नाही तरच कडक पॅड किंवा कंपाऊंडकडे, म्हणजे अधिक खरखरीत पॉलिशकडे, जावे. क्लिअर कोटचा कडकपणा गाडीगणिक बदलतो, म्हणून एका गाडीवर जमलेली जोडी दुसरीवर जमेलच असे नाही. काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे. फिरता-फिरता कंपणारे ड्युअल ॲक्शन यंत्र उष्णता कमी निर्माण करते, त्यामुळे नवख्याच्या हाती तेच योग्य. पत्र्याच्या कडांवर आणि उठावदार रेषांवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावणे शहाणपणाचे. शेवटी अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून मगच निकाल पाहावा. पॉलिशमधील तेले ओरखडे तात्पुरते झाकतात आणि काही धुण्यांनंतर ते परत दिसतात. २००० ते ३००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यासह वापरायच्या अतिबारीक सँडपेपरने) घासण्याचा उपाय खोल दोषांना लागू पडतो, पण जाडी मोजल्याशिवाय तो करू नये.

टूथपेस्टने ओरखडे घालवण्याचा सल्ला सोडून द्यावा. तिच्यातील घर्षक दातांसाठी असतात, क्लिअर कोटसाठी नव्हे. एक ओरखडा मंदावतो आणि भोवती धूसर पट्टा तयार होतो. मॅट रंगावर तर कोणतेच पॉलिश चालत नाही, घासलेली जागा कायमची चकाकते.

उडालेला रंग : खड्यांच्या माऱ्याने पडलेले टवके लवकर भरावेत, कारण उघडा पत्रा गंजतो. रंगाचा कोड बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. जागा स्वच्छ करून, पत्रा उघडा पडला असेल तर प्राइमर लावून, टच-अप रंग बारीक काडीने पातळ थरांत भरावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. एकदम थेंबभर ओतला की तो फुगीर बसतो आणि टवक्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

बारीक ओरखडे आपोआप भरून येणारे लवचिक क्लिअर कोटही निघाले आहेत. निस्सान कंपनीने २००५ मध्ये असा लेप जाहीर केला. तो धुण्यातले हलके ओरखडे मिटवतो, खोल चरे नाही.

क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागले, त्याला भेगा पडल्या किंवा रंगाखाली गंजाचे फोड आले, तर दोष किरकोळ राहिलेला नसतो. पापुद्र्याच्या कडेवर पॉलिश केल्यास ती आणखी उचकटते. तो भाग खरवडून नव्याने रंगवावा लागतो.